वस्तीचे नाटक : एक वही राहिली, एक गेली

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची ही स्मरणिका निघते आहे असे कळले आणि संपादक मंडळातली पोरे घरी आली. म्हणाली, "काका, आपल्या जुन्या नाट्यमंडळावर तुम्हीच लिहा." मी पत्र्याची पेटी उघडली. तळाशी मंडळाची वर्गणीची वही सापडली. कुठल्या खोलीतून आठ आणे आले, कुणी रुपया दिला, कुणाची बाकी राहिली, सगळे टिपून ठेवलेले. पण ज्या नाटकासाठी ही वर्गणी गोळा झाली, त्या नाटकाची वही मात्र कुठेच नाही. तेव्हा नुसत्या आठवणी न सांगता, आपल्या समाजाने पदरमोड करून आणि मानधन न घेता रंगभूमी कशी चालविली, हे थोडक्यात सांगावे म्हणून हा लेखनप्रपंच.

फुल्यांचे नाटक

मराठी नाटकाचा इतिहास १८४३ पासून सांगतात. त्या वर्षी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केले. त्यामागे सांगलीच्या राजेसाहेबांचा आश्रय होता. पुढे बारा वर्षांनी, १८५५ साली, जोतीराव फुल्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. धर्माच्या नावाखाली गरीब शेतकरी नवरा-बायको कसे नागवले जातात आणि शेवटी शिक्षणाची वाट कशी धरतात, ही त्याची गोष्ट. जोतीरावांनी ते दक्षिणा प्राइज कमिटीकडे दिले. कमिटीने ते स्वीकारले नाही. त्यानंतर जवळजवळ सव्वाशे वर्षे ते अप्रकाशित राहिले आणि १९७९ साली छापून लोकांपुढे आले. हस्तलिखित टिकले म्हणून ते आज आपल्याला वाचता येते. वाचकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. शेवटी मला तिथेच यायचे आहे.

जलसा : समाजाचे चालते-बोलते विद्यापीठ

सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचा घाट घेऊन जलसे सुरू केले. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतर आणि १९३० मध्ये सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या काळात आंबेडकरी जलसे गावोगाव पोहोचले. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचे नाव यात अग्रभागी आहे. ढोलकी, डफ, तुणतुणे तमाशाचेच, सोंगाड्याही तोच; पण शृंगाराला फाटा. देवादिकांच्या स्तवनाच्या जागी बाबासाहेबांचे आणि चळवळीचे गुणगान आले. मेलेल्या ढोराचे मांस सोडा, दारू सोडा, पोरे शाळेत घाला, हे सगळे हसत-खेळत सांगितले जाई. दहा सभांचे काम एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण जुनी माणसे सांगत.

हे जलसेवाले कोण होते? दिवसा मोलमजुरी करणारी, गिरणीत, रेल्वेत राबणारी माणसे. ज्या गावात जलसा, त्या गावच्या वस्तीने भाकरी द्यायची आणि बत्तीच्या रॉकेलाची सोय करायची. बाया कामाला नसत, म्हणून पुरुषच लुगडे नेसून उभे राहत. बिदागीची आशा धरून कुणी यात पडत नसे.

यातले पुष्कळसे वाङ्मय गायकाच्या तोंडी होते. गायक गेला की पदही गेले. कर्डकांनी मात्र 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहिले आणि ते १९७८ साली प्रसिद्ध झाले. त्यांनी लिहून ठेवले म्हणून आज अभ्यासक जलशावर बोलू शकतात.

नागसेनवनातली 'युगयात्रा'

नंतर शिकलेली पिढी आली. पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात प्रा. म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. १९५५ साली विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांसमोर सादर केले. १९५६ साली धम्मदीक्षेच्या वेळी नागपुरात अफाट जनसमुदायापुढे त्याचा प्रयोग झाला. करणारे धंदेवाईक नट नव्हते, वसतिगृहात राहून शिकणारी खेड्यापाड्यांतली पोरे होती.

मुंबईत गिरणगावातही हौशी नाटकांना बहर होता. परळचा दामोदर हॉल म्हणजे कामगार रंगभूमीचे माहेरघर. पुढे प्रेमानंद गज्वी यांची 'घोटभर पाणी' ही एकांकिका आली. मोजके नट आणि जवळजवळ रिकामा रंगमंच एवढ्यावर होणारी, त्यामुळे ती लहान मंडळांनाही परवडली. दत्ता भगत यांचे 'वाटा पळवाटा' आले. १९८४ साली पुण्यात दलित नाट्य संमेलन भरले. आमचे मंडळ मात्र तोवर बंद पडले होते. त्याची हकीकत सांगतो.

आमचे मंडळ

चाळीच्या मधल्या पटांगणात आम्ही दर चौदा एप्रिलला नाटक करायचो. नाटक आमच्यातल्याच एका मामांनी लिहिलेले. मामा गिरणीत साच्यावर होते. विषय सावकारीचा, पण त्यात गावकीचे जोहार होते, पळून मुंबईला आलेले एक जोडपे होते आणि हसून हसून पोट दुखावे असा एक तलाठी होता.

मुख्य अडचण पाळीची. कुणी पहिल्या पाळीला, कुणी दुसऱ्या, कुणी रातपाळीला. सगळी मंडळी एका वेळी कधी सापडायचीच नाहीत. मामांनी तोडगा काढला : प्रत्येक काम दोघांनी पाठ करायचे. नाटकाच्या दिवशी ज्याला सुट्टी मिळेल तो तोंडाला रंग लावेल, दुसरा पडदा ओढेल. यावरून रुसवेफुगवे झाले, नाही असे नाही. एकदा एक गडी सावकाराच्या कामावरून आठ दिवस बोलत नव्हता. मामा त्याला म्हणाले, "अरे, पडदा पडला नाही तर तुझा सावकार मरणार कसा?" तेव्हा कुठे तो हसला.

दुसरा नियम हिशेबाचा. नाटकाच्या दुसऱ्या दिवशी जमाखर्च नोटीस बोर्डावर लागलाच पाहिजे. पडद्याचे आणि मेकअपच्या सामानाचे भाडे, चहा, सगळे पैशापैशाने. उरले तर पोरांच्या वह्यांना, कमी पडले तर कमिटीच्या खिशातून. त्यामुळे वर्गणी मागायला गेल्यावर कुणी तोंड फिरवले नाही.

तिसरी गोष्ट बायांची. पहिली काही वर्षे बाईचे काम पुरुषच करायचे. मग एका वर्षी शेजारची आक्का म्हणाली, "त्या बाप्याला लुगडं नेसता येत नाही, मीच उभी राहते." चाळीत कुजबूज झाली. तिची सासू मात्र पहिल्या ओळीत येऊन बसली, आणि कुजबूज थांबली.

वही कशी गेली

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. ज्यांच्या खिशातून आठ आणे यायचे त्यांच्याच चुली थंडावल्या. कुणी गावी गेले, कुणी भाजीची गाडी लावली. त्या वर्षी नाटक झाले नाही, पुढच्याही नाही. मामा गावी गेले ते परतले नाहीत. नाटकाची वही त्यांच्या ट्रंकेत होती. ते वारल्यावर घर आवरताना ती रद्दीत गेली. घरच्यांचा दोष नाही, त्यांना ती शाळेची जुनी वही वाटली. दोष आमचा. काम दोघा-दोघांना पाठ करायला लावणाऱ्या मंडळाला वहीची दुसरी प्रत करावी हे सुचले नाही. एखाद्या स्पर्धेत उतरलो असतो तर नक्कल द्यावी लागली असती. आम्ही तिकडे कधी फिरकलोच नाही. वर्गणीचा खजिनदार नेमला, नाटकाचा नेमला नाही.

आज मला मामांच्या नाटकातली तलाठ्याची चार वाक्ये आठवतात, आक्काला तिचे काम निम्मेअधिक येते. बाकीचे बरेचजण आता नाहीत.

तरुणांना विनंती

वस्तीतले नाटक अजून संपलेले नाही. २०१२ साली 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला' आले, त्यात जालन्याकडची शेतकरी घरातली माणसे उभी राहिली आणि महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. आपल्या विहारातली मुलेही जयंतीला पथनाट्य बसवतात. छान करतात. पण ते कुठे लिहून ठेवता असे विचारले तर मोबाईल दाखवतात. मोबाईल बदलला की काय?

माझे सांगणे एवढेच. मंडळ चालवायचे तर काम वाटून घ्या, हिशेब उघडा ठेवा, घरच्या बायांना पुढे येऊ द्या. आणि प्रत्येक नाटकाची एक प्रत विहाराच्या कपाटात, धम्मग्रंथांच्या शेजारी ठेवा. येत्या वर्षावासात आक्का आणि मी संध्याकाळी विहारात बसणार आहोत. जेवढे आठवेल तेवढे सांगू. कुणीतरी वही-पेन घेऊन यावे.

जय भीम!