एका धन्य शब्दाची घसरण

धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने, चर्चची घंटा वाजविणाऱ्या आमच्या वृद्ध सेवकाला ‘सिली’ म्हटले. आम्ही त्याला दटावले. मात्र रात्री शब्दकोश उघडून बसलो, तेव्हा या विशेषणाचे कुळ पाहून चकित झालो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमध्ये हा शब्द आशीर्वादासारखा वाटला असता!

जुन्या इंग्रजीत ‘गेसेलिग’ म्हणजे सुखी, भाग्यवान. मध्ययुगात त्याचे ‘सीली’ झाले आणि धन्य, पुण्यशील असा अर्थ त्याला लाभला. पुढची वाट उताराची. जो पुण्यशील तो निष्पाप; निष्पाप तो निरुपद्रवी; आणि निरुपद्रवी माणूस जगाला दुबळाच दिसतो. त्याची प्रथम कीव केली गेली, मग त्याला हसणे सुरू झाले. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘मूर्ख’ हा अर्थ रूढ झालेला दिसतो. तरी जुना अर्थ लगेच मेला नाही. १६११ च्या इंग्रजी बायबलात होशेयच्या ग्रंथातील निर्बुद्ध कबुतराला हे विशेषण आहे. उलट १६२९ साली मिल्टनने ख्रिस्तजन्मावरील काव्यात ते मेंढपाळांच्या विचारांना लावले, तेथे अभिप्रेत आहे साधेपणा.

जर्मन भाषेने मात्र याच कुळातील ‘झेलिग’ शब्द जपला. लूथरच्या १५२२ च्या नव्या करारात डोंगरावरील प्रवचनातील धन्योद्गार याच शब्दाने सुरू होतात आणि जर्मन कॅथोलिक आजही धन्यवादित व्यक्तीच्या नावामागे तो लावतात.

इंग्रजांना हसण्याचा अधिकार आम्हाला नाही. ‘भोळा’ शंकर आम्ही पुजतो, पण शेजाऱ्याला ‘भोळसट’ म्हणतो! आल्प्सच्या खोऱ्यांतील कथा अधिक करुण आहे. तेथे आयोडिनच्या अभावी मतिमंद जन्मलेल्यांना गावकरी ‘क्रेतँ’ म्हणत. हे ‘ख्रिस्ती’ या शब्दाचेच बोलीरूप, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात; हीही आपल्यासारखी माणसेच, एवढेच त्यातून सांगायचे होते. आज फ्रेंचमध्ये ती शिवी आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटेची घंटा झाल्यावर सेवक दाराशी आला. “फादर, तो पोरगा काल मला काय म्हणाला?” त्याने विचारले.

आम्ही त्याला जुना अर्थ सांगितला.