आउट काढताना

माझ्या सायकलचं मागचं चाक दर फेऱ्याला एकदा ब्रेकच्या रबराला घासायचं. खर्र, मग शांत, मग पुन्हा खर्र. उदगीरला ज्या मिस्त्रीकाकांकडे मी नेहमी जातो, त्यांनी सायकल मागून उचलली, चाक फिरवलं आणि एक डोळा मिटून पाहिलं. "आउट आलाय, सर. पाना देतो, घरीच काढा. हात बसल्याबिगर समजत नसतंय." पाना म्हणजे पोलादाची लहानशी गोल चकती, कडेला वेगवेगळ्या मापांच्या खाचा.

'आउट काढणे' हा शब्द मला फार आवडतो. सरळ चाकाला इंग्रज 'ट्रू' म्हणतो आणि वाकड्याला 'आउट ऑफ ट्रू'. आपल्या मिस्त्रींनी त्यातला 'आउट' तेवढा ठेवून घेतला असावा. मग काटा काढावा, दृष्ट काढावी, तसा तो चाकातून 'काढायचा'. शब्द विलायती असला तरी क्रियापद आपलं आहे.

कामही तसं आपल्याकडे जुनंच. रथाच्या नाभीत रोवलेल्या आऱ्यांची उपमा थेट उपनिषदांत येते. आमचा उदगीर-देवणीचा मुलूख तर बैलांचा. देवणी हे गावाचं नाव बैलांच्या जातीलाच मिळालेलं. इथल्या गाडीचं चाक सुतार घडवायचा: मधे तुंबा, त्यात आरे, बाहेर वाकडे लाकडी तुकडे जोडून केलेला घेर. पण ते उभं राहायचं लोहाराच्या धावेवर. ही लोखंडी पट्टी चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवलेली असते. जाळात लाल केली की फुगते, तशीच चाकावर चढवायची आणि भराभर पाणी ओतायचं. धाव आक्रसते, लाकूड करकरतं आणि सगळे सांधे एकमेकांत आवळले जातात. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की धाव ढिली पडते, म्हणून चाकं पाण्यात भिजवून फुगवायची. चाक घडवून झाल्यावरही त्याचा ताण सांभाळावा लागतो, हे आपल्या माणसांना ठाऊक होतं.

गाडीच्या चाकात तुंब्याखालचा आरा ओझं डोक्यावर घेऊन उभा असतो. तोच आरा सायकलीत दोन मिलिमीटरची तार कसा झाला? उभी तार ढकलली तर वाकते. ती फक्त ओढ सोसते. इंग्लंडच्या जॉर्ज केली यांनी १८०८ मध्ये नेमका हाच विचार मांडला. त्यांना उडत्या यंत्रासाठी हलकं चाक हवं होतं, म्हणून लाकडी आऱ्यांऐवजी ताणलेल्या दोऱ्या. सायकलीत ही कल्पना उतरायला साठ वर्षं गेली. १८६९ मध्ये पॅरिसच्या यूजीन मेयर यांनी तारांच्या चाकाचं पेटंट घेतलं. त्यात प्रत्येक तार वेगळी कसता यायची. पुढच्याच वर्षी कॉव्हेंट्रीचे जेम्स स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी 'एरियल' सायकलचं पेटंट घेतलं. १८७४ मध्ये स्टार्लींनी तारा हबमधून सरळ बाहेर न काढता तिरप्या, एकमेकींना छेदत लावल्या. पायडलचा जोर रिमपर्यंत पोचवायला ही तिरपी तार लागते. आज उदगीरच्या रस्त्यावरून जाणारी साधी सायकलसुद्धा त्याच विणीवर चालते.

माझ्या लेखी यातला मोठा माणूस मेयर. वेगळी कसता येणारी तार आली, म्हणून चाक दुरुस्त करता येऊ लागलं.

आपल्याकडे १९५० च्या दशकात सोनीपतची अॅटलस आणि लुधियानाची हीरो या सायकली आल्या. काळ्या, २८ इंची सायकली इथे गावोगाव पोचल्या. त्यांच्या पुढच्या चाकात ३२ आणि मागच्यात ४० स्पोक, कारण माणसाचं बहुतेक वजन मागे, शिवाय कॅरिअरवर पोतं.

घरी मी सायकल उलटी उभी केली आणि चिमट्याला खडू टेकवून चाक हळूहळू फिरवलं. आउट होता तिथे रिमवर पांढरी रेघ उमटली. स्पोक आळीपाळीनं हबच्या डाव्या-उजव्या बाजूला जातात. रिम डावीकडे पळाली असेल तर तिथला उजवा स्पोक कसायचा, डावा तेवढाच सैल करायचा. स्पोकचं टोक रिममध्ये धरणारं छोटं निपल पान्यानं फिरवायचं; टायरच्या बाजूनं पाहिलं तर ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरून कसलं जातं. हबकडून पाहणाऱ्याला तेच उलटं दिसतं. पहिल्या दिवशी मी इथेच चुकलो. आउट वाढत गेला आणि मी जोर लावत गेलो. काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "पाव फेरा, बास. मग चाक फिरवून बघायचं." गंजल्या निपलला तेलाचा थेंब आधी द्यायचा, कारण निपल अडकलं की तारच पिळली जाते आणि चार दिवसांनी उलगडून आउट परत येतो.

अमेरिकी अभियंता योब्स्ट ब्रँट यांनी १९८१ मध्ये सायकलच्या चाकावर अख्खं पुस्तक लिहिलं. भार आला की सर्वांत जास्त बदल जमिनीकडच्या मोजक्या स्पोकांत होतो, असा त्यांचा हिशेब: त्यांची ओढ कमी होते, बाकीच्यांची जवळजवळ तशीच राहते. म्हणजे ओझं पेलतो तो इथेही खालचाच आरा. गाडीच्या चाकात तो दाब घेऊन पेलतो, सायकलीत ताण सोडून. सोडायला ताणच नसेल, तर ढिला स्पोक नुसता लटकत राहतो.

म्हणून आता मी तारा बोटानं छेडून ऐकतो. मागच्या चाकात चेनकडच्या तारा जास्त ताणलेल्या, त्यांचा सूर चढा. म्हणून एका बाजूच्या तारा आपसांतच ताडून पाहायच्या. काल एक 'टण्ण'ऐवजी 'टक्' बोलली. तिला पाव फेरा दिला, समोरचीला अर्धा पाव सोडला आणि चाक फिरवलं. खडू रिमला कुठे टेकला नाही. चाक अजून वर-खाली थोडं उडतं. काका म्हणाले, "ते दोन्हीकडचे स्पोक सोबत कसून बसवायचं असतंय. रविवारी या."