कुत्रा जांभई देतो म्हणजे त्याला झोपच आलेली असते का? ताणाच्या बारीक खुणा अशा ओळखा

गणेशोत्सवात रविवार कारंजावर नाशिक ढोल घुमायला लागतो. बाजूच्या गल्लीत पडलेला एखादा कुत्रा उठतो, अंग झाडतो, दोनदा जांभई देतो आणि जमीन हुंगत हुंगत उभ्या रिक्षामागे जाऊन बसतो. बघणाऱ्याला वाटतं, झोपमोड झाली असेल. पण तो घाबरलेला असण्याची शक्यता जास्त असते.

कुत्र्याची भीती आणि राग दाखवणारे शब्द मराठीत भरपूर आहेत. शेपूट घालणं, कान टवकारणं, दात विचकणं हे वाक्प्रचार आपण माणसांसाठीही वापरतो. पण या सगळ्या ठळक खुणा आहेत. त्यांच्या कितीतरी आधी कुत्र्याने बारीक इशारे दिलेले असतात. ते आपल्या लक्षात येत नाहीत आणि मग 'काही कारण नसताना अचानक चावला' असं म्हटलं जातं.

ताण म्हणजे नेमकं काय?

धोका जाणवला की कुत्र्याच्या शरीरात अॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं वाढतात. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आखडतात, श्वास जलद होतो. माणसाच्या शरीरातही हेच घडतं. फरक एवढाच की कुत्र्याला 'मला त्रास होतोय' असं सांगता येत नाही. तो ते शरीरातून दाखवतो.

नॉर्वेच्या श्वान प्रशिक्षक तुरीद रुगास यांनी अशा हालचालींना 'शांत करणारे इशारे' म्हटलं आणि ही कल्पना जगभर पोहोचवली. 'मला भांडायचं नाही, जरा लांब राहा' असं कुत्रा या इशाऱ्यांतून समोरच्याला सांगत असतो, असं त्यांचं म्हणणं आहे.

कोणत्या खुणा बघायच्या?

- जांभई: झोपेची वेळ नसताना, विशेषतः कुणी जवळ वाकल्यावर किंवा मिठी मारल्यावर दिलेली.
- नाक-ओठ चाटणं: समोर खाणं नसताना जीभ झटकन बाहेर येते आणि आत जाते. ही खूण क्षणभरच दिसते.
- तोंड फिरवणं: डोकं बाजूला वळवणं, नजर टाळणं, पाठ करून बसणं.
- डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं: डोकं एकीकडे, नजर दुसरीकडे आणि बुबुळाच्या कडेला पांढरी चंद्रकोर.
- पुढचा एक पाय उचलून धरणं: काय करावं हे न कळल्याची खूण.
- जमीन हुंगणं, खाजवणं: एखादी व्यक्ती किंवा दुसरा कुत्रा समोर आल्यावर अचानक सुरू होणारं.
- कोरडं असताना अंग झाडणं: ताणाचा प्रसंग संपल्यावर कुत्रा बरेचदा असं करतो.
- धाप: ऊन नाही, पळापळ नाही, तरीही तोंड उघडून जलद श्वास.
- खाणं नाकारणं: एरवी आवडणारं बिस्किट समोर असूनही तोंड न लावणं.
- थिजणं: सगळी हालचाल एकदम थांबणं. ही सर्वांत गंभीर खूण. इथून पुढे गुरगुरणं किंवा चावा येऊ शकतो.

यातली एखादीच खूण दिसली म्हणून निष्कर्ष काढू नये. दुपारी झोपून उठलेला कुत्राही जांभई देतो आणि मे महिन्यात तर प्रत्येकच कुत्रा धापा टाकतो. दोन-तीन खुणा एकत्र दिसल्या, त्याही विशिष्ट प्रसंगात, तर मात्र ताण आहे असं समजावं. आपला कुत्रा निवांत असताना कसा बसतो, कान आणि शेपूट कुठे असतं, हे माहीत असेल तर बदल लगेच कळतो.

शेपूट हलतंय म्हणजे खूश आहे ना?

दर वेळी नाही. शेपूट हलतं तेव्हा कुत्रा उत्तेजित असतो, पण ती उत्तेजना आनंदाची असेलच असं नाही. सैल अंग आणि कमरेपासून डुलणारं शेपूट हे बहुतेक वेळा आनंदाचं लक्षण. ताठ अंग आणि वर उभं राहून थरथरणारं शेपूट हा इशारा समजावा.

इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक मजेदार निरीक्षण मांडलं. मालक दिसल्यावर कुत्र्यांचं शेपूट त्यांच्या उजवीकडे जास्त झुकत होतं. अनोळखी, वरचढ कुत्रा समोर आल्यावर ते डावीकडे झुकत होतं. २०१३ मध्ये याच गटाला आढळलं की डावीकडे झुकणारं शेपूट पाहून दुसऱ्या कुत्र्यांच्या हृदयाचे ठोके वाढतात. हा फरक आपल्या डोळ्यांना सहज टिपता येत नाही, पण कुत्र्यांना जाणवतो.

'चूक केली म्हणून तोंड पाडून बसलाय', हे खरं का?

चप्पल कुरतडून झाल्यावर कान पाडलेला, नजर चुकवणारा कुत्रा अनेक घरांनी पाहिलेला असतो. अमेरिकन संशोधक अलेक्झांड्रा होरोवित्झ यांनी २००९ मध्ये १४ पाळीव कुत्र्यांवर प्रयोग करून याची तपासणी केली. हा 'अपराधी' चेहरा मालक रागावल्यावरच जास्त दिसला. कुत्र्याने मनाई केलेलं बिस्किट खाल्लं होतं की नव्हतं, याने फरक पडला नाही. उलट काहीही चूक नसताना ओरडा बसलेल्या कुत्र्यांमध्ये तो सर्वाधिक दिसला. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप समजतो, ती बरेचदा भीती असते.

खुणा दुर्लक्षित राहिल्या तर?

ब्रिटिश पशुवैद्य केंडल शेफर्ड यांनी हे एका शिडीच्या रूपात मांडलं आहे. सर्वांत खालच्या पायरीवर जांभई, डोळे मिचकावणं, नाक चाटणं. मग तोंड फिरवणं, निघून जाणं, कान मागे घेणं, शेपूट घालणं. पुढे ताठरणं आणि रोखून बघणं. मग गुरगुरणं, हवेत चावा आणि शेवटी प्रत्यक्ष चावा. खालच्या पायऱ्यांचा उपयोग होत नाही असा अनुभव वारंवार आला की कुत्रा पायऱ्या गाळून थेट वर जायला शिकू शकतो.

म्हणूनच गुरगुरणाऱ्या कुत्र्याला फटका मारणं धोक्याचं. त्याने भीती जात नाही, फक्त इशारा बंद होतो. 'भुंकणारं कुत्रं चावत नाही' या म्हणीवरही विसंबून राहू नये. भुंकणं हा इशाराच आहे आणि तो ऐकला नाही तर भुंकणारा कुत्राही चावू शकतो.

सगळ्यात जास्त धोका लहान मुलांना असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार, रेबीजचा संशय असलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांपैकी ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. मुलं कुत्र्याच्या गळ्यात पडतात, त्याच्या तोंडाजवळ तोंड नेतात आणि या बारीक खुणा त्यांना वाचता येत नाहीत.

नाशिकमध्ये ताणाची कारणं कोणती?

पहिलं कारण आवाज. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५,००० हर्ट्झपर्यंतचे. ढोल, डीजे, दिवाळीचे आणि लग्नसराईतले फटाके, देवळाली परिसरात तोफखान्याचा सराव, हे सगळं त्याच्या कानावर आदळतं. फिनलंडमध्ये सुमारे १३,७०० पाळीव कुत्र्यांच्या पाहणीत (२०२०) आवाजाची भीती ही सर्वांत जास्त आढळलेली समस्या होती. ३२ टक्के कुत्र्यांमध्ये ती दिसली.

दुसरं कारण गर्दी. गोदाघाटावरच्या कुत्र्यांना माणसांची सवय असते, पण सिंहस्थासारख्या गर्दीत त्यांची बसण्याची आणि पळून जाण्याची जागाच उरत नाही.

तिसरं कारण बिबट्या. नाशिकला लागून असलेल्या अकोले तालुक्यातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ३९ टक्के वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा होता. मळ्यातला किंवा शहराच्या कडेचा कुत्रा रात्री अचानक बाहेर जायला तयार नसेल, थरथरत असेल, तर त्याला ओढू नये.

रस्त्यावरच्या कुत्र्याशी कसं वागायचं?

आयसर कोलकात्याच्या संशोधकांनी भारतातल्या काही शहरांत १६० भटक्या कुत्र्यांवर प्रयोग केला. त्यांना बोटाने भांडं दाखवण्यात आलं. जवळपास निम्मी कुत्री भांड्यांपाशी आलीच नाहीत, ती भेदरलेली होती. जी आली त्यातल्या सुमारे ८० टक्क्यांनी बोटाचा इशारा बरोबर ओळखला. कुत्र्यांना आपली भाषा बऱ्यापैकी कळते. त्यांची आपल्याला कळत नाही, अडचण तिथे आहे.

कानाचा थोडा भाग कापलेला असेल तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली असते. पण त्यावरून त्याचा स्वभाव कळत नाही. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीपासून लांब राहावं. रोखून बघू नये, पळू नये, दगड उचलू नये. बाजूने, सावकाश निघून जावं.

घरच्या कुत्र्यासाठी काय करता येईल?

- ३ सेकंद हात फिरवा आणि थांबा. तो पुन्हा जवळ आला तर चालू ठेवा. तोंड फिरवलं, ओठ चाटले तर हात मागे घ्या.
- सणाच्या दिवशी आतली खोली, बंद खिडक्या, पंख्याचा आवाज आणि लपायला कोपरा द्या. पलंगाखाली गेला तर ओढून काढू नका.
- फिरवून आणणं फटाके सुरू होण्याआधी उरका. गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर असू द्या.
- घाबरल्यावर जवळ आला तर जवळ घ्या. धीर दिल्याने भीती वाढत नाही.
- माणसांची झोपेची किंवा गुंगीची गोळी कधीही देऊ नका. औषध फक्त पशुवैद्यांच्या सल्ल्याने द्या.
- खुणा रोजच दिसत असतील किंवा शांत कुत्रा एकदम चिडका झाला असेल तर तपासणी करून घ्या. कान, दात किंवा सांध्याचं दुखणं असू शकतं.

आणि चावलाच तर?

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा. हळद, मिरची, चुना लावू नका. त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा आणि लसीचे सगळे डोस ठरलेल्या तारखांना पूर्ण करा. जखम खोल असेल तर डॉक्टर सोबत इम्युनोग्लोब्युलिनही देतात. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर रुग्ण वाचणं जवळपास अशक्य असतं. त्यामुळे ओरखडा किरकोळ वाटला तरी दवाखाना टाळू नये, मग तो कुत्रा घरचा असो वा गल्लीतला.