खोली कुणाला मिळते?

कॉलेजात नाव घातलं की पहिला सवाल खोलीचा. १९१३ला बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, हार्टली हॉलच्या वसतिगृहात उतरले. तिथलं जेवण मानवेना. सोडलं! कॉस्मॉपॉलिटन क्लबात गेले, पुढं लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेनाबरोबर राहिले. भथेना पारशी, जन्माची दोस्ती जमली. परक्या मुलखात आपला माणूस खोली नापसंत करू शकत होता, हे ध्यानात घ्या.

अन् १९१७ला बडोद्यात? पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून राहावं लागलं. अकराव्या दिवशी पारशीच लाठ्या घेऊन दारात. एक हिंदू, एक ख्रिस्ती मित्र. दोघांच्याही घरात जागा नाही. कोलंबियात शिकलेला माणूस कमाठी बागेत बसून गाडीची वाट बघत होता.

१९२५ला बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात आपल्या शाळकरी पोरांसाठी वसतिगृह काढलं.