तळटीप १७ : पुष्पिका

१७. पुष्पिका : हस्तलिखिताच्या अखेरीस लेखनिकाने जोडलेला मजकूर. ग्रंथनाम, लेखनिक, स्थळ, शक, संवत्सर, तिथी यांपैकी काही ना काही त्यात येते. छापील पुस्तकात ही जागा मुद्रक-प्रकाशकाच्या तपशिलाने घेतली. वरील परिच्छेदात पुष्पिकेतला शक ग्रंथरचनेचा धरला आहे. तो बहुधा नकलेचा समजावा. तंजावूरच्या सरस्वती महालातल्या पोथ्यांबाबत तर स्थळही तपासूनच घ्यावे, कारण सगळ्या तिथे लिहिलेल्या नाहीत; दुसऱ्या सरफोजींनी (कारकीर्द १७९८–१८३२) काशीयात्रेतही पोथ्या जमवल्या. नुसते ‘रक्ताक्षी संवत्सर’ एवढेच असेल तर पंचाईत वाढते : शके १६६६ (इ.स. १७४४–४५) धरले तर प्रतापसिंहाची कारकीर्द, शके १७२६ (इ.स. १८०४–०५) धरले तर सरफोजींची. तिथीशी वार ताडून पाहिला की प्रश्न सुटतो, असे यावर म्हटले जाईल. दोन्ही दिलेले असतील तर बहुधा सुटतोही. पण एखादा लेखनिक मूळ प्रतीची पुष्पिकाही, तिथी-वारासकट, जशीच्या तशी उतरवून ठेवी; मग गणित बिनचूक जुळते आणि काळ मात्र चुकतो. अशा वेळी कागद आणि अक्षरवळण यांचीच साक्ष काढावी लागते.