तळलेला 'बेक'

नाव 'बेक' आणि करायचा मात्र तळून! त्रिनिदादच्या न्याहारीतल्या या पदार्थाने मला बरेच दिवस कोड्यात टाकलं होतं. उत्तर तसं सोपं आहे. तिथे हीच कणीक तव्यावर भाजतात, तेव्हाही तो बेकच. म्हणजे बेक ही कृती राहिली नाही, भाकरीसारखं एका पदार्थाचं नाव झालं.

घरी करायला अगदी सोपा. दोन वाट्या मैदा, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, मीठ, थोडी साखर, चमचाभर लोणी. पाण्याने सैलसर मळायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. मग लिंबाएवढे गोळे करून पुरीपेक्षा जाड लाटायचे आणि मध्यम आचेवर तळायचे. फुगतात, आतून पोकळ होतात. त्या पोकळीत तिकडचे लोक खारवलेला मासा परतून भरतात. माराकासच्या किनाऱ्यावर शार्क घालून मिळतो.

मी मैदा मळताना मात्र एक प्रश्न पडतो. कॅरिबियन बेटांच्या उष्ण, दमट हवेत गहू पिकत नाही. मग गव्हाची ही भाकरी तिथली 'पारंपरिक' कशी?

त्याचं उत्तर उसात आहे. ब्रिटिश मळेवाल्यांना साखरेत इतका पैसा दिसत होता, की चांगली जमीन अन्नाला देणं त्यांना तोट्याचं वाटे. मका, पीठ, खारवलेले मासे, अगदी पिंपांचं लाकूडसुद्धा उत्तर अमेरिकेतून यायचं आणि बदल्यात साखर, काकवी, रम जायची. मासाही बहुधा हलक्या प्रतीचा, युरोपात न खपणारा. तो गुलामांसाठी.

हा व्यवहार किती धोक्याचा होता, ते अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाने दाखवलं. १७७६ नंतर तो व्यापार तुटला, त्यात चक्रीवादळं आली. १७८० ते १७८७ या काळात उपासमारीने सुमारे १५ हजार गुलाम मेले, असा जमैकाच्या विधिमंडळाचाच अंदाज होता. यावर उपाय काय, तर ताहितीहून नीरफणसाची रोपं आणणं! कॅप्टन ब्लायने १७९३ मध्ये ती सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला पोचवली. जमीन मात्र उसाकडेच राहिली.

ब्रिटिश वसाहतींत १८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. पुढची सक्तीची 'उमेदवारी' १८३८ मध्ये सुटली. मग मळ्यांवर माणसं आली ती आपल्या देशातून. ३० मे १८४५ रोजी 'फतेल रझाक' जहाज त्रिनिदादला लागलं. १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४३ हजार माणसं गिरमिटावर त्या बेटावर गेली, बहुतेक भोजपुरी मुलखातली. (मुंबई बंदरातून मराठी माणसंही गिरमिटावर गेली, पण ती मॉरिशसला.)

या लोकांनी तिथे आणला 'बारा'. आपला वडा, हिंदीतला बडा, तोच हा बारा. पण बेटावर त्याचंही रूप पालटलं. हळद घातलेल्या मैद्याच्या दोन मऊ तळलेल्या बाऱ्यांत छोले, हे 'डबल्स'. १९३६ च्या सुमारास प्रिन्सेस टाउनच्या दीन कुटुंबाने ते विकायला सुरुवात केली. आज ते सगळ्या त्रिनिदादचं खाणं आहे.

आणि बेकिंग पावडर? ती १८४० च्या दशकात इंग्लंडमध्ये निघाली. म्हणजे बेकची आजची कृती त्याहून जुनी असूच शकत नाही. पीठ परकं, मासा परका, पावडरही परकी.

म्हणून बेक परका म्हणायचा का? मला तसं वाटत नाही. काय मिळावं हे ज्यांच्या हातात नव्हतं, त्यांनी मिळालं त्यातून काय करायचं हे ठरवलं. चुलीवर भट्टी नव्हती, कढई होती. परंपरा मातीतून उगवते असं आपण सहज म्हणतो. पण ज्यांना माती नाकारली, त्यांचीही परंपरा असतेच. ती त्यांच्या हातांत असते.

त्रिनिदादमध्ये आजही गहू बाहेरूनच येतो. बेक करून जरूर बघा, आणि गरम असतानाच खा. गार झाला की चिवट होतो.