शपथ आणि संस्कार

टेरेन्स मॅकमॅनस हे १८४८ च्या फसलेल्या आयरिश उठावातील बंडखोर. काळ्या पाण्याची शिक्षा भोगत असता ते निसटून अमेरिकेस गेले आणि १८६१ च्या आरंभी सॅन फ्रान्सिस्को येथे वारले. त्यांचे शव मायदेशी नेताना न्यूयॉर्कच्या कॅथीड्रलमध्ये आर्चबिशप जॉन ह्यूज यांच्या उपस्थितीत त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करण्यात आली. डब्लिनचे आर्चबिशप पॉल कलन यांनी मात्र आपल्या कॅथीड्रलचे दार उघडले नाही. अखेर शव एका सार्वजनिक सभागृहात ठेवावे लागले. १० नोव्हेंबर रोजी ग्लासनेव्हिनच्या दफनभूमीत मेयोचे फादर पॅट्रिक लॅव्हेल वरिष्ठांचा रोष पत्करून उभे राहिले. फेनियन चळवळीचा सारा पेच या एका अंत्ययात्रेत दिसतो.

तिच्यामागे असलेली गुप्त संघटना जेम्स स्टीफन्स यांनी १७ मार्च १८५८ रोजी, संत पॅट्रिकच्या सणादिवशी, डब्लिनमध्ये स्थापिली होती. अमेरिकेतील शाखेला जॉन ओमाहनी यांनी प्राचीन फिआना वीरांवरून ‘फेनियन’ हे नाव दिले. सशस्त्र लढ्याने प्रजासत्ताक आणण्याची शपथ सभासद घेत. शपथबद्ध गुप्त मंडळे ख्रिस्तसभेला निषिद्ध. त्यामुळे पापनिवेदनास गेलेल्या तरुणाला शपथ सोडल्यावाचून क्षमा मिळणे कठीण होई. कलन यांनी १८४८-४९ ची रोममधील क्रांती जवळून पाहिली होती. त्यांना प्रत्येक फेनियनात मॅझिनीचा अनुयायी दिसे. हा अन्याय होता, असे मला वाटते; कारण यातील बहुसंख्य माणसे श्रद्धावान कॅथलिकच होती.

चार्ल्स किकम यांचेच पाहा. बालवयात दारूच्या स्फोटाने त्यांची दृष्टी व श्रवणशक्ती अधू झाली होती. ‘आयरिश पीपल’ या पत्रातून त्यांनी बजावले की, धर्मगुरूंचा अधिकार आत्म्याच्या बाबतीत शिरोधार्य आहे, राजकारणात त्यांचे मत हे एका नागरिकाचे मत. १८६५ मध्ये त्यांना अटक झाली आणि पुढे १४ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली.

१८६७ च्या फेब्रुवारीत केरीमध्ये लहानसा उठाव झाला. तेथील बिशप डेव्हिड मोरियार्टी यांनी प्रवचनात सांगितले की, चिथावणी देणाऱ्या पुढाऱ्यांसाठी नरकही पुरेसा तप्त नाही. मार्चमधील मुख्य उठावही एका रात्रीत विरला. पण २३ नोव्हेंबर रोजी मँचेस्टर प्रकरणी अ‍ॅलन, लार्किन व ओब्रायन यांना फाशी झाली, आणि वारे फिरले. एका पोलीस सार्जंटच्या मृत्यूबद्दल ही शिक्षा होती. तो बळीही विसरता येत नाही. तरीही आयर्लंडभर त्या तिघांच्या आत्म्यांसाठी मिस्सा अर्पण झाल्या. जिवंत फेनियनाला दूर ठेवणारे कित्येक धर्मगुरू मृत फेनियनासाठी वेदीसमोर उभे राहिले.

१२ जानेवारी १८७० रोजी रोमने फेनियनांचा नाव घेऊन निषेध केला. किकम आदल्याच वर्षी तुरुंगातून सुटले होते. त्यांनी ना शपथ मोडली, ना धर्म सोडला. पुढे ते संघटनेच्या सर्वोच्च मंडळाचे अध्यक्ष झाले आणि १८८२ मध्ये त्यांचे निधन झाले.